नॅनोट्यूबचं मॉडेल: आधी टोकं ठरवा, मग बटण दाबा

सोलापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा: "(१०,१०) कार्बन नॅनोट्यूबचं ५ नॅनोमीटर लांबीचं मॉडेल ॲव्होगाड्रो या रेणूंची मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. हायड्रोजन जोडले तर नळी काटेरी झाली, एकूण ८४० हायड्रोजन लागले. ऑप्टिमाइझ केली, म्हणजे ऊर्जा किमान होईल असा आकार शोधायला लावला, तर भिंत सुरकुतली. मग नळी पुन्हा नव्याने केली, हायड्रोजन न जोडता लॅम्प्समध्ये (अणूंच्या हालचालीचं गणित करणारं सॉफ्टवेअर) घातली. बॉक्सची लांबी पहिल्या अणूपासून शेवटच्या अणूपर्यंत मोजून ४७.९७ अँगस्ट्रॉम दिली. पहिल्याच पायरीला ऊर्जा भलतीच येते आणि नळी फुटते. गाइडना यंग्स मोड्युलस, म्हणजे नळीच्या ताठपणाचं माप, हवाय. दुसरं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?"

सॉफ्टवेअर बदलू नका. तुम्ही जे तीन त्रास लिहिलेत ते तिन्ही दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये असेच येतील, कारण मूळ एकच आहे: नळीची टोकं कशी आहेत हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही. नळी तोडलेली आहे आणि टोकांना हायड्रोजन आहेत, की नळीला टोकंच नाहीत, ती बॉक्सच्या एका भिंतीतून बाहेर जाऊन दुसऱ्या भिंतीतून आत येते? हे ठरल्याशिवाय नळी बनवून देणाऱ्या बिल्डरचं बटण दाबलं की पडद्यावर चित्र सुंदर दिसतं आणि आकडेमोड कोलमडते. तुम्ही आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत. ८४० आणि ४७.९७ या दोन आकड्यांतच दोन्ही चुका स्पष्ट दिसतात.

आधी (१०,१०) म्हणजे काय ते नीट बघू, कारण पुढचे सगळे हिशेब त्यातून निघतात. तुम्ही सोलापूरच्या आहात म्हणून चादरीचंच उदाहरण घेते. चादरीवर एकच नक्षी पुन्हा पुन्हा विणलेली असते. अशी चादर गुंडाळून नळी करायची आणि जिथे दोन कडा भेटतात तिथे नक्षी तंतोतंत जुळली पाहिजे अशी अट घाला. मग चादर वाटेल तशी गुंडाळता येत नाही, ठरावीक दिशेने आणि ठरावीक वेढ्यानेच ती जुळते. ग्राफीन ही कार्बन अणूंच्या षटकोनांच्या नक्षीची चादर, आणि एन व एम हे दोन आकडे सांगतात की कोणता षटकोन कोणत्या षटकोनावर आणून बसवायचा. सरळ गुंडाळली तर नक्षी लगेच स्वतःवर येते. तिरकी गुंडाळली तर नक्षी जिन्यासारखी वर चढत जाते आणि तीच नक्षी बरोबर त्याच जागी, सरळ वर, पुन्हा सापडायला बरंच लांब जावं लागतं.

याचा परिणाम थेट अणूंच्या संख्येवर होतो. (१०,१०) ही आर्मचेअर नळी (एन आणि एम सारखे). तिचा एक युनिट सेल, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत छोटा तुकडा, फक्त २.४६ अँगस्ट्रॉम लांब आणि त्यात ४० अणू. (१०,०) ही झिगझॅग (एम शून्य), तिच्यातही ४०च अणू, पण सेलची लांबी ४.२६ अँगस्ट्रॉम. आणि (६,५) घेतली, जी दिसायला (१०,१०)पेक्षा बरीच बारीक आहे, तर एका सेलमध्ये ३६४ अणू आणि लांबी जवळपास ४०.६ अँगस्ट्रॉम. म्हणून कुणी "छोटी नळी घ्या म्हणजे गणित हलकं होईल" असं म्हटलं तर मी आधी विचारते, छोटी म्हणजे व्यासाने की सेलने? क्वांटम आकडेमोड करणाऱ्याला सेलचा आकार परवडला पाहिजे. मोड्युलसवर नळीच्या पिळाचा परिणाम फारसा नसतो, त्यामुळे तुमच्या कामाला (१०,१०) ही निवड योग्यच आहे.

व्यास काढायचा तर एन-वर्ग अधिक एन-गुणिले-एम अधिक एम-वर्ग, त्याचं वर्गमूळ, आणि त्याला ०.०७८३ ने गुणा. उत्तर नॅनोमीटरमध्ये येतं. (१०,१०)साठी वर्गमूळ १७.३२, म्हणजे व्यास १.३५६ नॅनोमीटर. हा आकडा वहीत लिहून ठेवा, तो तीनदा लागणार आहे. विजेच्या बाबतीतला नियम तुम्हाला वर्गात शिकवला असेलच: एन वजा एमला ३ ने भाग गेला तर नळी धातूसारखी वागते, नाही तर अर्धवाहक. मात्र बारीक नळ्यांत वक्रतेमुळे हा नियम बिघडतो. (९,०)ला नियमाप्रमाणे धातू म्हणायला हवं, तिच्यात अगदी छोटी का होईना ऊर्जेची फट (बँड गॅप) पडते. उलट (५,०) नियमाने अर्धवाहक, प्रत्यक्ष गणितात ती धातू निघते. मोड्युलससाठी तुम्हाला याची गरज नाही, पण तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

आता बिल्डर. ॲव्होगाड्रोच्या बिल्ड मेनूत नॅनोट्यूब बिल्डर आहे. एन १०, एम १०, लांबी. लांबी नॅनोमीटरमध्ये देता येते, पण मी ती नेहमी सेलच्या संख्येत देते. ५ नॅनोमीटरला २.४६ अँगस्ट्रॉमने भागलं तर २०.३ येतं. म्हणजे पूर्ण सेल २०. नळी सेलच्या मध्येच तुटता कामा नये. तुटली की टोकाला एकाच बंधाने लटकणारे कार्बन राहू शकतात आणि ते पुढे गोंधळ घालतात. २० सेल म्हणजे ८०० कार्बन, लांबी ४९.२० अँगस्ट्रॉम. तुमच्या फाइलमध्ये कार्बन ८०० आहेत का हे सर्वांत आधी मोजा. ८०४ किंवा ७९० असतील तर पुढे जाऊच नका.

त्याच खिडकीत दोन खुणा असतात, टोकं हायड्रोजनने बंद करण्याची आणि दुहेरी बंध शोधण्याची. तुमची काटेरी नळी इथे तयार झाली. दुहेरी बंध शोधले नाहीत तर सॉफ्टवेअरच्या लेखी भिंतीतला प्रत्येक बंध एकेरी असतो. तीन एकेरी बंध असलेल्या कार्बनला चौथा हात रिकामा आहे असं त्याला वाटतं. मग तुम्ही नंतर वेगळ्याने हायड्रोजन जोडा म्हटलं की ते प्रत्येक कार्बनला एक हायड्रोजन चिकटवतं. हिशेब लावून बघा: आतले ७६० कार्बन, प्रत्येकी एक, म्हणजे ७६०. टोकांवरचे ४० कार्बन, त्यांना दोनच शेजारी, म्हणून प्रत्येकी दोन हायड्रोजन, झाले ८०. बेरीज ८४०. तुमचा आकडा तंतोतंत हाच आहे. सॉफ्टवेअर चुकलं नाही, त्याला जे सांगितलं ते त्याने प्रामाणिकपणे केलं.

बरोबर नळीला किती हायड्रोजन लागतात? आर्मचेअर (एन,एन) नळीच्या प्रत्येक टोकाला २ गुणिले एन, म्हणजे तुमच्या नळीला २०, दोन्ही टोकं मिळून ४०. झिगझॅग (एन,०)च्या प्रत्येक टोकाला फक्त एन. योगायोग असा की बरोबर नळीत एकूण अणू ८०० अधिक ४०, म्हणजे ८४०च होतात. त्यामुळे एकूण अणू आणि नुसते हायड्रोजन यांत गल्लत करू नका. काटेरी नळीत एकूण १६४० असतात.

आणखी एक पडताळणी मी कायम करते, कारण ती चित्रापेक्षा भरवशाची आहे: बंध मोजणे. टोकं नसलेल्या नळीत प्रत्येक कार्बनला तीन शेजारी, आणि प्रत्येक बंध दोघांचा, म्हणून बंध = अणू गुणिले दीड. ८०० अणूंना १२००. टोकं असलेल्या तुमच्या नळीत कार्बन-कार्बन बंध ११८० हवेत, कारण कापताना २० बंध तुटले. त्या २० तुटलेल्या बंधांच्या ४० टोकांवर ४० हायड्रोजन. तिन्ही आकडे एकमेकांत बसतात. एक जरी बसला नाही तर कुठेतरी अणू लटकतोय किंवा चुकीचा बंध आलाय, आणि तो डोळ्यांनी शोधण्यापेक्षा नळी नव्याने करणं लवकर होतं.

सुरकुतलेल्या भिंतीचं कारणही तेच. सगळे बंध एकेरी धरले की फोर्स फील्ड (अणूंमधली बलं सांगणारी सूत्रं) प्रत्येक कार्बनला हिऱ्यातल्या कार्बनसारखं वागवतं. बंध १.५४ अँगस्ट्रॉम आणि कोन १०९.५ अंशांकडे ओढायला लागतं. नळीत खरा बंध १.४२ आणि कोन १२०च्या जवळ. एवढी ओढाताण झाल्यावर भिंत सुरकुतणारच. दुहेरी बंध शोधले तर बरं होतं, पण पूर्ण बरं होत नाही. ८०० अणूंवर दुहेरी बंध वाटायला सॉफ्टवेअरला वेळ लागतो, आणि वाटले तरी ते कागदावरचे आलटून पालटून एकेरी-दुहेरी बंध असतात. ऑप्टिमाइझ केल्यावर काही बंध आखूड, काही लांब अशी पट्टेदार नळी मिळू शकते. खऱ्या नळीत तसं नसतं, सगळे बंध जवळपास सारखे असतात.

म्हणून माझं मत ठाम आहे: शुद्ध नळीला ॲव्होगाड्रोमध्ये ऑप्टिमाइझ करूच नका. बिल्डर सूत्राने जी भूमिती देतो ती त्या फोर्स फील्डच्या उत्तरापेक्षा चांगली असते. टोकाला कार्बॉक्झिल गट लावलाय, भिंतीवर एखादा रेणू बसवलाय, तेव्हा ऑप्टिमाइझ जरूर करा, पण नळीचे अणू निवडून आधी स्थिर करा आणि फक्त नवीन गटाला हलू द्या. त्यासाठी यूएफएफ हे फोर्स फील्ड घ्या. एमएमएफएफ९४ हे दुसरं फोर्स फील्ड औषधांसारख्या छोट्या सेंद्रिय रेणूंसाठी उत्तम आहे, नळीच्या जोडलेल्या शेकडो वलयांपुढे त्याची ओळखच अडखळते.

बिल्डरची भूमिती मोजताना एक गोष्ट खटकेल. आडवा बंध १.४२ ऐवजी किंचित कमी दिसतो. (५,५)मध्ये तो १.४१ येतो. चादर गुंडाळताना १.४२ हे अंतर वळणावरून मोजलेलं असतं आणि तुम्ही मोजता ते सरळ रेषेत, आरपार. चूक नाही. नळी जितकी जाड तितका हा फरक कमी. व्यास तपासायचा तर एकाच थरातले समोरासमोरचे दोन अणू निवडा. (१०,१०)मध्ये प्रत्येक अणूच्या बरोबर समोर दुसरा अणू असतो, अंतर १३.५६ अँगस्ट्रॉम आलं पाहिजे. (५,५)मध्ये असा समोरचा अणू मिळत नाही, तिथे हे करायला जाऊन घाबरू नका.

आता ४७.९७. इथे तुमची नळी फुटते.

आर्मचेअर नळीत अणूंचे थर अक्षाच्या दिशेने १.२३ अँगस्ट्रॉमवर असतात, म्हणजे एका सेलमध्ये दोन थर. २० सेलमध्ये ४० थर. पहिल्या थरापासून चाळिसाव्या थरापर्यंत मोजलं तर मध्ये ३९ अंतरं येतात, ३९ गुणिले १.२३ म्हणजे ४७.९७. कुंपणाला ४० खांब असतील तर गाळे ३९ होतात तसंच. पण कुंपण गोल असेल, शेवटचा खांब परत पहिल्याला जोडायचा असेल, तर गाळे ४० लागतात. पिरिऑडिक बॉक्स, म्हणजे एका भिंतीतून बाहेर गेलेलं दुसऱ्या भिंतीतून आत येतं असा बॉक्स, हे गोल कुंपण आहे. लांबी ४० गुणिले १.२३, म्हणजे ४९.२० हवी होती.

४७.९७ दिल्यावर काय झालं ते जवळून बघा. बॉक्सच्या वरच्या भिंतीतून बाहेर पडलेला पहिला थर थेट शेवटच्या थरावर येऊन बसला. दोन्ही थर एकाच उंचीवर. त्यातले अणू एकमेकांपासून फक्त ०.७१ अँगस्ट्रॉमवर, म्हणजे बंधाच्या बरोबर अर्ध्या अंतरावर. असे शेजारी एक-दोन नाहीत, त्या थरातला प्रत्येक अणू अडकलेला. पहिल्या पायरीची ऊर्जा भलती येणार नाही तर काय होईल? त्यानंतर नळी फुटणं हा त्या ऊर्जेचा निचरा आहे.

उलटी चूकही होते, ती अधिक फसवी असते. बॉक्स गोल आकडा म्हणून ५० दिला तर ०.८ अँगस्ट्रॉमची फट उरते. नळी फुटत नाही, गणित पळतं, पण त्या जागचे २० बंध ताणलेले किंवा तुटलेले असतात आणि मोड्युलस चुकीचा येतो. म्हणून लांबी मोजून काढायची नाही, सूत्राने काढायची: सेलची लांबी गुणिले सेलची संख्या. फाइलमध्ये सर्वांत खालचा थर ०.०० वर आणा, बॉक्स ०.०० ते ४९.२० ठेवा. शेवटचा थर ४७.९७ वर आणि त्याच्यावर १.२३ ची मोकळी जागा दिसली की समजा जमलं.

बाजूच्या दोन दिशांना उलट भरपूर मोकळी जागा हवी, म्हणजे नळीला तिच्याच शेजारच्या प्रतिमेची चाहूल लागणार नाही. मी भिंतीपासून भिंतीपर्यंत १५ अँगस्ट्रॉमच्या आसपास ठेवते. १३.५६ अधिक १५, गोल करून ३० बाय ३०. नळीचा अक्ष बॉक्सच्या मध्यावर, १५, १५ वर आणा.

आणि अक्ष खरोखर सरळ झेड दिशेत आहे का हे तपासा. बिल्डरची नळी सरळ येते, पण हाताने फिरवली, किंवा माऊसने अक्ष ओढून नळी काढणारं सॅमसनसारखं साधन वापरलं, तर एखाद-दोन अंशांचा कल नकळत राहतो. २ अंश ऐकायला काहीच नाही. पण ४९ अँगस्ट्रॉमच्या नळीत तेवढ्याने वरचं टोक १.७ अँगस्ट्रॉम सरकतं, एका बंधापेक्षा जास्त. वरचं टोक खालच्याला भेटतच नाही.

फाइल कोणत्या रूपात काढता यालाही महत्त्व आहे. एक्सवायझेड फाइलमध्ये फक्त अणूंचं नाव आणि जागा असते, बंध नसतात, बॉक्स नसतो. एआयआरईबीओसारखं पोटेन्शियल (अणूंमधली ऊर्जा सांगणारं सूत्र) वापरणार असाल तर बंधांची यादी लागतच नाही, ते अंतरावरून स्वतः ओळखतं, म्हणून एक्सवायझेड चालेल. बॉक्स मात्र तुम्हालाच लिहावा लागेल. बंधांची यादी मागणारं फोर्स फील्ड असेल तर व्हीएमडी या सॉफ्टवेअरमधला नॅनोट्यूब बिल्डर सोयीचा पडतो, त्यालाही एन, एम आणि नॅनोमीटरमध्ये लांबी द्यायची. तिथेही मागितलेली लांबी आणि मिळालेली लांबी एकच आहे असं गृहीत धरू नका. अणू मोजा, ४० ने भागा.

इथे थांबून तुमच्यासाठी निवड सांगते. तुम्हाला मोड्युलस हवाय, म्हणून टोकं नसलेली नळी घ्या: ८०० कार्बन, हायड्रोजन शून्य, बॉक्स ३० बाय ३० बाय ४९.२०. टोकं असलेली नळी कधी घ्यावी ते हेतूवर अवलंबून आहे. टोकाला गट लावायचाय, नळीतून पाणी किंवा आयन जाताना बघायचेत, किंवा गॉशियनसारख्या बिगर-पिरिऑडिक सॉफ्टवेअरमध्ये रेणू म्हणूनच हिशेब करायचाय, तेव्हा हायड्रोजनवाली नळी. त्यातही झिगझॅग नळी तोडून घेतली तर जपा. तिच्या टोकांवर एकटे इलेक्ट्रॉन रेंगाळतात, साध्या बंद-कवच गणितात (सगळे इलेक्ट्रॉन जोडीने धरणाऱ्या) एससीएफ, म्हणजे इलेक्ट्रॉनांचं पुन्हा पुन्हा सुधारत नेलेलं उत्तर, जुळत नाही किंवा जुळून चुकीचं उत्तर देतं. स्पिन मोकळा ठेवून गणित करावं लागतं.

लॅम्प्समध्ये गेल्यावर लगेच ओढायला सुरुवात करू नका. बिल्डरने १.४२ धरलंय, पण प्रत्येक पोटेन्शियलचं स्वतःचं आवडतं अंतर असतं. एआयआरईबीओला १.४०च्या आसपास हवं असतं, मूळ टर्सॉफ पोटेन्शियलला १.४६. एआयआरईबीओत ग्राफीनचा सेल २.४६ नाही, जवळपास २.४२ येतो. म्हणजे तुमची ४९.२०ची नळी त्या पोटेन्शियलच्या दृष्टीने आधीच सुमारे १.६ टक्के ताणलेली आहे. मोड्युलस १००० गिगापास्कल धरला तर न ओढताच १६ गिगापास्कल ताण. त्यामुळे आधी ऊर्जा किमान करताना बॉक्सला फक्त झेड दिशेत मोकळं सोडा. लांबी ४८.४च्या आसपास स्थिरावेल, तीच तुमची मूळ लांबी. विकृतीचा (मूळ लांबीच्या किती पट ताणलं त्याचा) भागाकार ४९.२० ने नाही, या नव्या लांबीने करायचा.

दाबाचं नियंत्रण एक्स आणि वाय दिशांना चालू ठेवू नका. तिथे पोकळी आहे, तिला दाब नसतो, आणि बॉक्स आकसत आकसत नळीला चेपतो. नियंत्रण फक्त झेडला. वेळेची पायरी ०.५ फेम्टोसेकंद. टोकांना हायड्रोजन असतील तर हे आणखी काटेकोर पाळा, कारण कार्बन-हायड्रोजन बंधाचं एक कंपन साधारण ११ फेम्टोसेकंदांत पुरं होतं. ३०० केल्विनला नळी शांत होऊ द्या, मग दर पिकोसेकंदाला मूळ लांबीच्या ०.००१ या गतीने ओढा. मोड्युलससाठी पहिल्या १ ते २ टक्क्यांचाच उतार घ्या.

आता तुम्ही अजून पोहोचला नाहीत तिथली एक खाच आधीच सांगून ठेवते, कारण गाइडसमोर आकडा नेण्याच्या आदल्या रात्री ती सापडली तर जीव जातो. लॅम्प्स जो ताण छापतं तो संपूर्ण बॉक्सच्या आकारमानावर भागलेला असतो, पोकळीसकट. तुमच्या बॉक्सचा आडवा छेद ३ बाय ३, म्हणजे ९ चौरस नॅनोमीटर. नळीच्या भिंतीचा छेद किती? व्यास १.३५६, भिंतीची जाडी ग्राफाइटच्या थरांतलं अंतर म्हणून ०.३४ धरायची प्रथा आहे. पाय (π) गुणिले १.३५६ गुणिले ०.३४ म्हणजे १.४४८ चौरस नॅनोमीटर. ९ भागिले १.४४८, सुमारे ६.२. या आकड्याने गुणलं नाही तर १००० गिगापास्कलची नळी १६० दाखवते, आणि माणूस दिवसभर पोटेन्शियलवर संशय घेत बसतो. लॅम्प्सच्या 'मेटल' एककांत ताण बारमध्ये येतो, १ गिगापास्कल म्हणजे १०,००० बार. ओढताना झेडचा दाब ऋण येतो, ते बरोबर आहे.

भिंतीची जाडी ०.३४ धरली हे प्रबंधात वाक्य लिहून नमूद करा. एकाच अणूच्या थराला जाडी असते का हा वादाचा विषय आहे. कुणी ०.०६६ नॅनोमीटर जाडी घेतली तर त्याच नळीचा मोड्युलस पाचपट येतो आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

नळी तुटेपर्यंत ओढायची असेल तर एआयआरईबीओच्या फाइलमध्ये कार्बन-कार्बनची आतली मर्यादा १.७ अँगस्ट्रॉम असते. बंध तेवढा लांबला की पोटेन्शियल खोटी ताकद दाखवतं आणि आलेख एकदम वर उसळतो. ती मर्यादा १.९२ ते २.० पर्यंत नेतात. तुमच्या २ टक्क्यांत हे लागत नाही.

दुहेरी भिंतीची नळी पुढे हवी असेल तर (५,५) ही (१०,१०)च्या आत बसते. त्रिज्या ३.३९ आणि ६.७८, मधली फट ३.३९, ग्राफाइटच्या थरांएवढीच. दोघींच्या सेलची लांबीही २.४६, त्यामुळे एकाच बॉक्समध्ये दोन्ही जुळतात. झिगझॅग नळ्यांत एनचा फरक ९ ठेवतात. आर्मचेअरमध्ये झिगझॅग घालू नका, २.४६ आणि ४.२६ कधीच नेमके जुळत नाहीत. अगदीच नाइलाज असेल तर ७ आर्मचेअर सेल १७.२२ आणि ४ झिगझॅग सेल १७.०४, एक टक्क्याच्या तणावावर भागवता येतं.

दोष घालायचे असतील तर ते शेवटी, शुद्ध नळीचं उत्तर बरोबर आल्यावर. स्टोन-वेल्स दोषात एक बंध ९० अंश फिरवायचा, मग चार षटकोनांचे दोन पंचकोन आणि दोन सप्तकोन होतात. अणूंची संख्या आणि बंधांची संख्या, दोन्ही तेवढीच राहतात, म्हणून वरची दीडपटीची पडताळणी इथेही लागू पडते. टोकावर टोपी हवी तर (५,५)वर सी६०चा (६० कार्बनांच्या चेंडूसारख्या रेणूचा) अर्धा भाग बरोबर बसतो. प्रत्येक टोपीत सहा पंचकोन, मोजून बघा.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर तुमच्या कामाला ॲव्होगाड्रो आणि व्हीएमडी पुरे. नॅनोइंजिनिअर-१ मध्ये नळ्या काढायला मजा येते, पण त्याचं काम बरीच वर्षं थांबलेलं आहे, नव्या लॅपटॉपवर ते चालवण्यात वेळ घालवू नका. ८०० अणूंची ही नळी साध्या लॅपटॉपवर चालते. फक्त मे महिन्यात सोलापुरात दुपारी लॅपटॉप तापून गती कमी करतो, लांब गणित रात्री लावा, आणि वीज गेली तर सुरुवातीपासून करायला लागू नये म्हणून दर १०,००० पायऱ्यांना रीस्टार्ट फाइल लिहायला सांगा. पुढे कधी पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर वेळ मिळाला तर फाइल पाठवण्याआधी हीच अणू-बंध-बॉक्सची मोजणी घरी करून जा, रांगेत दोन दिवस थांबून नळी पहिल्या पायरीला फुटली तर ते दिवस परत मिळत नाहीत.

आज एवढं करा: नवी नळी, २० सेल, हायड्रोजनची खूण काढलेली, ऑप्टिमाइझ नाही. बॉक्स ४९.२०. एकही पायरी न पळवता फक्त ऊर्जा छापा आणि ८०० ने भागा. प्रत्येक अणूमागे उणे ७ ते उणे ७.५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरम्यान आली तर नळी जुळली आहे. धन आली किंवा फार वेगळी आली तर डेटा फाइलच्या पहिल्या वीस ओळी इथे टाका, बॉक्सच्या तीन ओळींसकट. त्यावरून पुढचं सांगते.